दोन देशांचा वायू आणि दादाचा शेड

युरोपातले दोन छोटे देश वर्षाला किती नायट्रस ऑक्साइड हवेत सोडतात, हे एके काळी मला तोंडपाठ होतं. तोवर माझा स्वतःचा प्रवास म्हणाल तर एका बाजूला वर्धा आणि दुसऱ्या बाजूला रामटेक. त्या देशांची नावं मला धड उच्चारता येत नसत. म्हणून घरात मी एकाला डोंगरवाला म्हणायचे आणि दुसऱ्याला समुद्रवाला. दादा कामावरून आला की उंबरठ्यावर बूट काढता काढता विचारायचा, "काय वं, आज कोनत्या देशात हाय तू?" मी सांगायचे, आज डोंगरात. मग तो हसायचा आणि हसता हसता खोकायला लागायचा. खोकला थांबेपर्यंत मी आकड्यांच्या कागदात डोकं घालून बसायचे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी एका लहानशा प्रयोगशाळेत गणन सहायक होते. कारखान्यांचं पाणी आणि हवा तपासून देणारी ती दोन मजली प्रयोगशाळा आता राहिली नाही. त्या जागी मंगल कार्यालय झालं आहे आणि लोक तिथे आनंदाने जेवतात. माझी नेमणूक सहा महिन्यांची असायची. सहा महिने भरले की एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर द्यायचे, म्हणजे सलग नोकरी झाली असं कोणाला म्हणता येऊ नये. असे एक-एक दिवस मी पाच वेळा घरी बसले होते. त्या दिवशी मी घरातले डबे घासायचे, इतका राग यायचा.

दादा माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. छप्पन साली बाबांनी त्याला खांद्यावर बसवून दीक्षा घेतली, तेव्हा मी आईच्या पोटात होते. बाबा गिरणीत होते आणि लवकर गेले. घरात एकाने तरी शेवटपर्यंत शिकायचं असं ठरलं, आणि त्या ठरावातून दादाने स्वतःला न विचारताच वगळलं. दहावीतून तो उठला आणि कन्हानच्या बाजूला एका नायट्रिक ॲसिडच्या कारखान्यात लागला. मी बी.एस्सी. झाले. विषय रसायनशास्त्र. ज्या ॲसिडावर मी पेपर लिहून पास झाले, ते ॲसिड तो रोज हुंगत होता.

त्याचं काम भरणीच्या शेडात होतं. टँकर शेडाखाली उभा राहायचा, दादा वर चढायचा, झाकण उघडून रबराचा पाइप आत सोडायचा आणि टँकर भरेपर्यंत तिथेच बसून राहायचा. आत ॲसिड पडायला लागलं की टँकरच्या तोंडातून लालसर वाफ वर यायची. तोंडाला ओला दुपट्टा बांधायचा, एवढाच त्यावर इलाज. कारखान्याकडून म्हणाल तर पाळी सुटताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवायचे. गुळाने घसा साफ होतो, असं कारखान्याचं म्हणणं होतं. दादा तो खडा खात नसे. कागदात बांधून घरी आणायचा आणि आपल्या पोरांना वाटायचा. कधी एखादा तुकडा माझ्याही टेबलावर ठेवायचा. "घे, तूही तं ॲसिडातच हाय दिवसभर," म्हणायचा.

मग त्याला जिना चढताना दम लागायला लागला. वहिनीने बोंब मारून मारून त्याला कारखान्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरने विचारलं, काय खातो? दादा खरं बोलणारा. खर्रा खातो म्हणाला. डॉक्टरने कागदावर तंबाखू लिहिलं आणि मोकळा झाला. खर्रा तोंडातून फुप्फुसात जातो, हे रसायनशास्त्र मला त्या दिवशी कळलं.

दादाला फक्त शेडातून बाहेर पडायचं होतं. गेटवर किंवा स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं तरी त्याला चाललं असतं. तो मॅनेजरला भेटला. मॅनेजर म्हणाला, शेडातली हवा खराब आहे असं कोणी लिहून दिलं तर बघू. तसं कोणीही म्हणेल. कागद पाहिजे.

घरी येऊन दादा मला म्हणाला, "कागद तं तुमच्याइथंच बनते ना?"

बनत होते. त्याच कामाची आमची प्रयोगशाळा होती. मी दुसऱ्याच दिवशी सरांकडे गेले.

सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. नुकतेच वर्षभर समुद्रवाल्या देशात राहून आले होते आणि तिथल्या एका परिषदेत वाचायला त्यांना पेपर तयार करायचा होता. विषय तोच: दोन छोट्या देशांतल्या कारखान्यांतून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडची तुलना. आकडे सरांनी जमवले होते, पण आकडेमोड करायला माणूस हवा होता. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सरांचा आवाज कधी चढत नसे. म्हणाले, "करू की तुमच्या भावाच्या शेडचं सॅम्पलिंग. आधी एवढं आकड्यांचं टेबल हातावेगळं होऊ द्या."

मग माझे रविवार प्रताप नगरात जायला लागले. सरांचं नवीन घर तिथे होतं, पुढे गुलाबाची रोपं. दुपारी जेवून मी सायकलने जायचे आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या व्हरांड्यात कॅल्क्युलेटर बडवायचे. चार वाजता चहा यायचा. माझा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. मी कधी काही विचारलं नाही. सरांचं लक्ष त्याकडे गेलं नसावं, कारण सर वातावरणाच्या खालचं काही बघत नसत.

हिशेब तसा सोपा होता. नायट्रिक ॲसिड बनवताना थोडा नायट्रस ऑक्साइड तयार होतो आणि चिमणीतून निघून जातो. तो प्रत्यक्ष मोजलेला फार थोड्या ठिकाणी होता. म्हणून देशाने वर्षात किती टन ॲसिड बनवलं ते घ्यायचं आणि टनामागे किती वायू निघतो, त्या आकड्याने गुणायचं. एकेका वर्षाचा, एकेका कारखान्याचा गुणाकार. बसून काम करणाऱ्याची पाठ मोडेल असा, पण अवघड काही नाही.

एकदा दादाने विचारलं की हा वायू म्हणजे त्याच्या शेडातलाच का. मी म्हटलं, नाही. तुझा लाल दिसतो तो वेगळा, तो छाती धरतो. हा बिनरंगाचा. श्वासाला त्याचा फारसा त्रास नाही, पण वर जाऊन शंभरेक वर्षं टिकतो आणि आकाशाचं नुकसान करतो.

"म्हंजे जे दिसते ते कोनी मोजत नाही," तो म्हणाला, "आन् जे दिसत नाही त्याच्यावर पेपर निघते. मोठं नवल हाय तुमच्या सरचं."

मी त्याच्यावर चिडले. म्हटलं, विज्ञान असंच असतं, तुला नाही कळायचं. हे वाक्य मी माझ्या दादाला म्हटलं आहे. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

टेबल पूर्ण झालं तेव्हा समुद्रवाला देश भलताच घाण निघाला. दोन्ही देश आकाराने सारखे, खतांचे कारखाने सारखे, आणि तरी समुद्रवाल्याचा वायू डोंगरवाल्याच्या दीडपटीहून जास्त. सर अस्वस्थ झाले. परिषद समुद्रवाल्यांचीच होती. पाहुणा म्हणून जाऊन त्यांच्याच मोरीचा वास कसा सांगायचा? त्यांनी मला सगळं पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा मी ते कागद घरी आणले आणि कंटाळून मोठ्याने वाचत बसले. दादा खाटेवर पडून ऐकत होता.

"ॲसिड कोनतं धरलं वं त्याइनं?" त्याने मधेच विचारलं.

"कोणतं म्हणजे? नायट्रिक."

"तसं नाही. निव्वळ का पान्यासकट?" तो उठून बसला. "आमच्या टँकरात जाते ते काय निव्वळ ॲसिड असते काय? दहा बालट्या भरल्या तं चार बालट्या पानीच असते. मॅनेजर रजिस्टरात निव्वळचा आकडा लिहिते आन् गेटवाला काट्यावर पान्यासकट तोलते. दोघाइचं कधीच जुळत नाही. रोज भांडून राहिले असते."

मी कागदाकडे बघत राहिले. कॉलेजमध्ये तीन वर्षं मला हे शिकवलं होतं. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते आणि ती बघितल्याशिवाय गणित करायचं नाही, हे पोरासोरांनाही माहीत असतं. पण परदेशातून छापून आलेल्या आकड्यांना मी टक्केवारी विचारली नव्हती. इतके गुळगुळीत कागद, त्यांत पाणी कुठून असणार?

सोमवारी ग्रंथालयात जाऊन दोन्ही देशांची वार्षिकं पुन्हा काढली. डोंगरवाल्यांचा आकडा निव्वळ ॲसिडाचा होता. समुद्रवाल्यांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती. ती त्यांच्या भाषेत होती, म्हणून मी ओलांडून गेले होते. मी ते पान सरांपुढे ठेवलं; त्यांनी टीप वाचली आणि टेबलावर हात आपटला. समुद्रवाल्यांनी ॲसिड पाण्यासकट तोललं होतं. पाणी वजा केलं आणि दोन्ही देश जवळजवळ सारखे झाले.

"तुमच्या लक्षात कसं आलं हे?" सरांनी विचारलं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या भावाच्या, सर. तो भरणीला आहे."

"अच्छा," सर म्हणाले.

त्यांनी पेपरात त्यावर सहा ओळींची तळटीप घातली. दोन देशांची तुलना करताना दोघांची मोजण्याची परिस्थिती एकच होती की नाही हे आधी पाहावं, नाही तर निरपराध देशावर अन्याय होतो, असा तिचा मतलब होता. सुंदर इंग्रजी होतं. मीच टायपिस्टकडे नेऊन दिली. पेपरावर माझं नाव नव्हतं आणि दादाचं असण्याचा प्रश्नच नव्हता. दादाला त्याचं काही नव्हतं. त्याने शेडात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की माही बहीन परदेशाचा हिशोब करते आन् तिचा हिशोब म्या दुरुस्त केला.

सर परिषदेला गेले. परत येताना सगळ्या विभागाला चॉकलेटं आणली. मला दोन मिळाली. आणि सरांनी शब्दही पाळला, हे सांगितलं पाहिजे. आल्याबरोबर त्यांनी दादाच्या शेडच्या सॅम्पलिंगची फाइल उघडली.

आमच्याकडे एक पद्धत होती. कारखान्यात जायचं तर आठ दिवस आधी पत्र पाठवायचं: अमुक तारखेला आमची माणसं येतील, कृपया सहकार्य करावं. त्याशिवाय गेट उघडत नसे. पत्राचा मसुदा मीच केला. आवक-जावक विभागात दोन दिवस पडून राहू नये म्हणून मी स्वतः शिक्का मारून घेतला आणि पोस्टात टाकून आले. त्या दिवशी घरी जाताना दादासाठी संत्री घेतली. काय आनंद झाला होता मला! चोराला आठ दिवस आधी कळवून मी पोलिसाची वाट पाहत होते, हे डोक्यातही आलं नाही.

ठरलेल्या दिवशी आमचे दोन तंत्रज्ञ पंप आणि काचेच्या नळ्या घेऊन गेले. दिवसभर शेडातली हवा ओढून संध्याकाळी परत आले. म्हणाले, मस्त कारखाना आहे, जेवणही चांगलं दिलं.

दादा घरी आला तो बूट न काढताच बसला.

"गाडीच नाही आली आज," तो म्हणाला. "एकही टँकर नाही. सकाळपासून मॅनेजरनं भरनी बंद ठेवली. शेड धुऊन काढला, चारी बाजूचे पडदे वर बांधले. तुमचे पोरं आले तं आमी झाडू घेऊन उभे होतो. मी त्याइले सांगतलं, आज काहीच चालू नाही. ते म्हने, आमाले पंप चालवाचा हाय."

"मी बघते," मी म्हटलं.

"बघ वं," तो म्हणाला. "तुह्याच हातात हाय आता."

दुसऱ्या दिवशी नळ्यांचं विश्लेषण झालं आणि आकडे माझ्या टेबलावर आले. मी गुणाकार-भागाकार केले. उत्तर मर्यादेच्या कितीतरी आत आलं. दुसऱ्यांदा केले. तेच. हिशेबात खोट नव्हती. त्या दिवशी त्या शेडात खरोखरच चांगली हवा होती, रिकाम्या शेडात असते तशी.

अहवालाच्या छापील फॉर्मवर खाली एक चौकोन असायचा: शेरा. मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, भरणी बंद होती, ते शेऱ्यात लिहायला पाहिजे. नाही तर चालू शेड आणि बंद शेड एकच होईल. आपण त्या दोन देशांच्या वेळी लिहिलं तसं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते संशोधन होतं," ते म्हणाले. "हा अहवाल आहे. पंपाला जे मिळालं ते लिहायचं. भरणी चालू होती की बंद, हे आपल्याला अधिकृतपणे कोणी कळवलेलं नाही. तुम्हाला भावाने घरी सांगितलं. घरचं बोलणं अहवालात कसं घालणार?" आणि मग त्याच सुरात, "सोमवारी तुमची कायम पदाची मुलाखत आहे ना? तयारी करा. काही अडचण येऊ नये."

त्यांनी धमकी दिली नाही. दिली असती तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला भीत नव्हते, सगळी वस्ती सांगेल. पण ते इतकं मायेने बोलले की मी "हो सर" म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. चौकोन रिकामा ठेवायची आमच्याकडे मुभा नव्हती. मी त्यात "निल" लिहिलं, म्हणजे काही नाही. सरांनी माझा हात धरून लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान आज कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. पण हात माझाच होता.

मुलाखत चांगली झाली. मी कायम झाले. पुन्हा कधी एक दिवस घरी बसावं लागलं नाही.

कारखान्याने तो अहवाल नोटीस बोर्डावर लावला. मग महिनाभरात दादाला पत्र आलं. शेडातली हवा निर्दोष असल्याचं तज्ज्ञांनी प्रमाणित केलं आहे, सबब आपला आजार वैयक्तिक कारणांचा आहे, आणि आपण कामास अपात्र ठरत असल्याने आपली सेवा संपवण्यात येत आहे. सोबत अहवालाची नक्कल जोडली होती. हलकं काम मागायला गेलेल्या माणसाला त्यांनी सगळ्याच कामातून हलकं करून टाकलं.

दादाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने नक्कल माझ्यापुढे धरली. संध्याकाळचे सहा वाजले असतील, वहिनी चुलीपाशी होती. मी वाचून दाखवलं. आकडे, मर्यादा, निष्कर्ष.

"गाडी नोती आली, ते लिहिलं ना वं कुठं?"

"त्याला जागा नसते दादा. तसा रकानाच नसतो."

"नसन," तो म्हणाला.

वहिनी हातातला चिमटा टाकून उठली. "खोटं हाय हे! सारं खोटं लिहून आनलं मेल्याइनं! जीव काढून घेतला मानसाचा आन् हवा चांगली म्हनते!"

"खोटं काहून म्हनतं?" दादा तिच्यावर ओरडला. ओरडल्यामुळे त्याला दम लागला, तरी त्याने थांबून, श्वास गोळा करून वाक्य पुरं केलं. "हिशोब माह्या बहिनीनं केला हाय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि खाली पडलेला चिमटा उचलला. दादाने कागद माझ्या हातात दिला आणि पोरांना जेवायला बोलावलं. मी त्या कागदाकडे बघत बसले. शेऱ्याचा चौकोन चांगला ऐसपैस होता. मधोमध माझ्याच अक्षरात "निल", आणि भोवती सगळी कोरी जागा. त्या दिवशी गाडी आली नव्हती. पाच शब्द. मावले असते.